तेरावी चूक

४ मार्च

प्रिय वहिनी,

आधी बसून घे. बसलीस? आता ऐक. तुझ्या कुंपणाने नाव काढलं.

हो, आपल्या कडूबाईने! दादाने जिचं नाव कडूबाई ठेवलं, ती तुझ्या फाटकापासून बसथांब्याच्या भिंतीपर्यंतची रांग. जिचं पान चुकून जिभेला लागलं तर दिवसभर पाणीसुद्धा कडू लागतं. हिवाळ्यात मी आले होते, तेव्हा तुझी शिवणाची कात्री बोथट करून पिशवीभर पाला नेला होता. तू म्हणाली होतीस, लोक माहेरून काय काय नेतात, आमच्या वन्सं पाला नेतात. आता बोल!

तुला माहीतच आहे, चार वर्षांपूर्वी संस्थेने मला साबणाच्या विभागातून उचलून इथे आणून टाकलं. एचआयव्हीच्या विषाणूला अडवेल असं काही झाडपाल्यात सापडतं का, ते इथे शोधतात. मी शोधत नाही. मी पाला वाळवते, दळते, भिजवते, गाळते, आटवते आणि चंबूच्या तळाशी डांबरासारखा जो चिकटा उरतो तो बाटलीत भरून वरच्या मजल्यावर पाठवते. तिथे बंद खोलीत दोन-दोन हातमोजे घातलेली माणसं बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये माणसाच्या पेशी वाढवतात, त्यांच्यावर विषाणू सोडतात आणि माझा चिकटा घालून काय होतं ते बघतात. वहीत त्याला 'अर्क' लिहायचं असतं. पण साबणवाल्यांनी चेष्टेने 'काढा' म्हणायला सुरुवात केली आणि आता सगळेच तसं म्हणतात. काढा नंबर एक, काढा नंबर दोन. आमच्या बाईसुद्धा, म्हणजे विभागप्रमुख.

तर त्रेसष्ट काढ्यांपैकी बासष्ट फुकट गेले. काहींनी विषाणूला धक्काही लावला नाही, काहींनी विषाणूबरोबर पेशीही मारल्या. एकटा एकेचाळीस नंबरचा काढा टिकला. विषाणू दहापटीने कमी आणि पेशी धडधाकट. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदाही तेच आल्यावर बाईंनी खाली फोन करून विचारलं, "एकेचाळीस कुठला?" मी म्हटलं, "माझ्या माहेरचा."

दादाची फार आठवण झाली गं. त्याने ती रोपं लावली तेव्हा गुलाब का नाही लावले म्हणून तू दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हतीस. घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, अभिनंदन, पण आमच्या ताटात तेवढी कडूबाई आणू नकोस.

नेहमीसारखा समास सोडलाय. चुका काढ आणि पत्र परत पाठव. पंचवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासणारी वहिनी असून माझे अहवाल अशुद्ध कसे, असं बाई विचारतात.

तुझी,
पाल्याची कारकून


१५ मार्च

वन्संना वहिनीचा नमस्कार आणि बारा चुका.

तपासलेलं पत्र सोबत आहे. 'विषाणू' तुम्ही पाच वेळा लिहिलात आणि पाचही वेळा वेगळा. विषाणू रूप बदलतो असं ऐकून होते, तुमच्या पत्रात प्रत्यक्ष पाहिलं. छापखान्यातले सगळे म्हणतात, पत्रं कसली लिहिता, फोन करा. मी म्हणते, फोनला समास नसतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन कुंपणापाशी उभी राहिले. बसथांब्यावरच्या एका बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? मी नाही म्हटलं.

एक काम आहे. आमच्याकडे घरगुती झाडपाल्याची एक पुस्तिका छपाईला आली आहे. लेखक उत्साही आहेत, आणि उत्साही माणसाचं मुद्रित दोनदा वाचावं लागतं. नवव्या पानावर अशाच एका कडू झुडपाच्या काढ्याबद्दल लिहिलंय. तुमच्या अनुभवावरून तीन गोष्टी कळवा: पानं कोवळी घ्यायची की जून? ओली की वाळवलेली? आणि एका वेळेला किती? शेवटच्या मुद्रितावर 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून खाली मला सही करायची असते. चुकीचं काही जायला नको.

शुक्रवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. दोन बस बदलाव्या लागतात. कोपऱ्यावर दवाखाना असताना इतक्या लांब कशाला, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. तिथली नर्स चांगली आहे, एवढंच.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

बारा! गेल्या खेपेला नऊ होत्या. वय झालं म्हणायचं.

तुझ्या उत्साही लेखकांना सांग: पानं जून, फुलं यायच्या आधीची. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. मूठभर पुरे. पुढचं आमचं गुपित, ते सांगितलं तर मलाच नोकरीवरून काढतील. आमच्या बाई तर म्हणतात, एवढं नाचू नका, प्लेटमध्ये फिनेलसुद्धा जिंकतं. पण बाई म्हणजे दुधात मिठाचा खडा. त्यांच्या लग्नातसुद्धा त्यांनी 'अजून पुरावा हवा' म्हटलं असेल. तू मनावर घेऊ नकोस.

वहिनी, अठरा तारखेला दादाला जाऊन नऊ वर्षं होतील. तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मी तुला जे बोलले, त्याबद्दल दरवर्षी या महिन्यात लिहायला बसते आणि दरवर्षी फाडून टाकते. या वेळी फाडत नाही. सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं. पण बोलले ते मनातून गेलंय असं सांगितलं तर खोटं होईल. क्षयाने आजकाल कोणी मरतं का गं? सहा महिने तो खोकत होता. तू वेळेवर नेलं असतंस तर तो वाचला असता, हे माझ्या डोक्यात अजून येतं. विशेषतः इथे, या सगळ्या बाटल्यांमध्ये. तुझ्यावर माया नाही असं नाही. दोन्ही आहे. कसं सांगू?

चुका काढ.

वन्सं


२० मे

वन्संना,

उत्तराला उशीर झाला. अभ्यासाच्या पुस्तकांचे दिवस आहेत, टेबलावर मुद्रितांचा ढीग माझ्या हनुवटीला लागतो.

पत्र तपासून पाठवते आहे. सात चुका. जिन्यातल्या वाक्यावर मी खूण केलेली नाही. ते तुमचं आहे, तुमच्याकडे राहू द्या.

कडूबाईला रस्त्याच्या बाजूने गुडघ्यापर्यंत छाटली. दोन पोती पाला निघाला, तो आतल्या खोलीत चादरीवर पसरला आहे. खोलीला वास येतो, पण वाईट नाही. इतकी वर्षं मी त्या झाडांवर उगीच रागावून होते असं आता वाटतं. तुमच्या दादांनी काही केलं की त्याचा अर्थ मला फार उशिरा कळायचा.

तब्येत उत्तम. सकाळी उठल्यावर काहीतरी कडू पिण्याची सवय लावून घेतली आहे. डोकं साफ राहतं.

वहिनी


११ जून

प्रिय वहिनी,

बिनसाखरेची कॉफी ना? शाबास. आमच्याकडे ह्यांनीही सुरू केली होती, चौथ्या दिवशी साखरेचा डबा शोधताना सापडले.

एकेचाळीसला आता वरची पायरी मिळाली आहे. बाईंनी त्याचे भाग वेगळे करायला सांगितलेत, म्हणजे नेमकं कोण काम करतंय ते कळेल. शिवाय तो पोटात गेल्यावर काय करतो तेही बघणार आहेत, त्यासाठी यकृताच्या पेशी मागवल्यात. बाई स्वतः माझ्या खोलीत आल्या आणि पाला कसा वाळवता म्हणून विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा! मी इतकी गडबडले, की त्यांना माझा रुमाल गाळणीचा कपडा म्हणून दाखवला.

तू पाला कशाला साठवतेस? आम्हाला द्यायला असेल तर थांब, मी कळवते.

वन्सं


३० ऑगस्ट

वन्संना,

तुमच्या जूनच्या पत्राला आज उत्तर देते आहे. रागावू नका.

माझ्या हातून चूक गेली. भूगोलाच्या पुस्तकात, मुखपृष्ठावर, मोठ्या अक्षरात. 'इयत्ता' हा शब्द दोनदा. आतलं अक्षर न् अक्षर वाचलं आणि दारावरची पाटी वाचायची राहिली. मालकांनी नुसती एक प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. हल्ली दुपारनंतर थकवा येतो, अक्षरं हलतात. महिनाभर तोंड आलंय, जेवण नको वाटतं. उन्हाळा बाधला असेल.

दवाखान्यात नर्सने मला खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "खरं सांगा, औषध चुकवता का?" मी म्हटलं, नाही. तिने पुन्हा विचारलं. वन्संबाई, आठ वर्षांत मी एक दिवस चुकवलेला नाही. प्रवासात नाही, तापात नाही. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी तिच्याशी खोटं बोलते आहे. बसमध्ये रडले. बावन्नाव्या वर्षी बसमध्ये रडणं शोभत नाही, पण रडले.

डोळ्यांच्या थेंबांबद्दल म्हणते आहे मी.

वहिनी


१४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

त्या नर्सला माझ्यासमोर उभी कर, मी बघते तिच्याकडे. तू आणि औषध चुकवशील? तू कुणाचा अनुस्वार चुकवत नाहीस. डॉक्टर बदल. आणि रक्त तपासून घे, तोंड येणं म्हणजे अंगात काहीतरी कमी आहे.

आमच्याकडेही सुतकी कारभार आहे. एकेचाळीस गेला.

म्हणजे प्लेटमध्ये तो अजून जिंकतोच. पण यकृताच्या पेशींनी घोळ घातला. त्याचं असं आहे, आपण जे गिळतो त्याची विल्हेवाट लावायला यकृतात कामगार बसलेले असतात. कडूबाई पोटात गेली की ते सगळे एकदम कामाला लागतात. साफसफाईच्या भरात कचऱ्याबरोबर घरातली कागदपत्रंही टाकून द्यावी, तसं ते औषधही बाहेर काढतात. बाईंनी या आजाराच्या रोजच्या गोळ्या त्या पेशींवर घालून पाहिल्या. कडूबाई नसताना गोळी दिवसभर टिकते. कडूबाई असली की दुपारपर्यंत निम्मीसुद्धा उरत नाही. म्हणजे कुणी बिचारा गोळ्या नेमाने घेत असेल आणि वर हा काढा पीत असेल, तर गोळ्या चुकवल्यासारखंच. त्याचं त्यालाही कळणार नाही. आणि अर्धवट औषध मिळालं की विषाणू शहाणा होतो, मग पूर्ण औषधालाही जुमानत नाही.

बाई म्हणाल्या, बरं झालं, बाटलीतच कळलं.

मी मात्र दिवसभर तोंड पाडून बसले होते. वाटलं होतं, दादाच्या हातचं काहीतरी जगाच्या उपयोगी पडेल.

वन्सं


१९ सप्टेंबर

वन्संना,

पुस्तिकेच्या लेखकांना घाई आहे, म्हणून तीनच प्रश्न.

पानं पाण्यात उकळून घेतली तरी तसंच होतं का?

साडेपाच महिने रोज घेतल्यावर बंद केलं, तर यकृत किती दिवसांत शांत होतं?

शहाणा झालेला विषाणू पुन्हा अडाणी होतो का?

लगेच कळवा.

वहिनी


२२ सप्टेंबर

वहिनी,

आधी उत्तरं. बाईंना विचारून लिहिते आहे, कुणासाठी ते न सांगता.

काढा आजच्या आज बंद कर. उद्या नाही, आज. गोळी बंद करायची नाही, ती ठरल्या वेळेला घेतच राहायची. यकृत शांत व्हायला दोन आठवडे लागतात, कदाचित थोडे जास्त. उद्याच्या पहिल्या बसने त्या नर्सकडे जा आणि काय प्यालीस, किती प्यालीस, केव्हापासून प्यालीस, सगळं सांग. माझं चौदा तारखेचं पत्र आणि हे पत्र दोन्ही ने, तिला वाचू दे. विषाणू शहाणा झालाय की नाही हे रक्ताच्या तपासणीत कळतं. झाला असेल तर तो पुन्हा अडाणी होत नाही, पण गोळ्या बदलता येतात. ऐकलंस? बदलता येतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला सगळ्यात जड जातंय. आम्ही पाला पाण्यात उकळत नाही. स्पिरिटमध्ये तीन दिवस भिजवतो. विषाणूला अडवणारा भाग पाण्यात उतरतच नाही. यकृताला उठवणारा मात्र चांगला उतरतो. म्हणजे जे हवं होतं ते तुझ्या पेल्यात कधीच नव्हतं, आणि जे नको होतं ते रोज होतं.

कुठल्या पुस्तिकेच्या नवव्या पानाला सहा महिने लागतात, वहिनी? थेंब चुकवले म्हणून कुठली नर्स दार लावून घेते? मी ओळीने सगळी पत्रं काढून बसले. तू काही लपवलंच नव्हतंस. मीच कॉफी म्हणून हसत होते.

मार्चचं पत्र समोर आहे. तुझ्या लाल शाईच्या बारा खुणा मोजल्या. तेरावी चूक तुला दिसली नाही, कारण ती शुद्धलेखनाची नव्हती. मी 'काढा' लिहिलं, तिथे 'अर्क' हवं होतं. साबणवाल्यांची चेष्टा मी शहाण्यासारखी तुला लिहून पाठवली. बाईंनी फिनेलचं सांगितलं, त्याची मी चेष्टा केली आणि 'मनावर घेऊ नकोस' असंही वर लिहिलं. ही चूक माझी आहे, तुझी नाही.

एक विचारते. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, पण काढा बंद कर आणि दवाखान्यात जा. दादाला नुसता क्षयच होता ना?

वन्सं


६ ऑक्टोबर

वन्संना,

काढा बावीस तारखेच्या आधीच बंद केला होता, तुमचं चौदाचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी. उरलेला पाला पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत दिला. नर्सला तुमची दोन्ही पत्रं दाखवली. तिने सावकाश वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, मला माफ करा." रक्त घेतलंय. निकाल यायला महिना लागेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

नाही. नुसता क्षय नव्हता. क्षय झाला, कारण अंगात लढायला काही उरलं नव्हतं. त्यांना आधी कळलं होतं, मला नंतर. कुठून लागला हे मी विचारलं नाही असं समजू नका. विचारलं, त्यांनी सांगितलंही, आणि ते मी माझ्याजवळ ठेवणार आहे. मला त्यांच्याकडूनच आला.

तुम्ही म्हणता, वेळेवर नेलं नाहीस. तीन वेळा नेलं, वन्सं. तिन्ही वेळा ते दवाखान्याच्या पायरीपर्यंत आले आणि परत फिरले. रक्त तपासतील, कुणीतरी ओळखीचं बघेल, आणि तुमच्या कानावर जाईल. लोकांची त्यांना एवढी भीती नव्हती. तुमची होती. तुम्ही त्यांना देवासारखं मानायचात आणि त्यांना देव राहायचं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरून वचन घेतलं, की तिला कळता कामा नये. मी दिलं. मग तुम्ही जिन्यात बोललात. माझ्या तोंडाशी आलं होतं. नातेवाईक उभे होते, तुम्ही रडत होतात, आणि वरच्या मजल्यावर त्यांना अजून झाकलंही नव्हतं. मी गिळलं. पुढच्या वर्षी माझ्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून त्या कपाटात, शाईच्या जुन्या डब्यात ठेवते. एकटीच राहते, तरी लपवून ठेवते.

चार वर्षांपूर्वी तुम्ही लिहिलंत, की साबणातून या विभागात बदली झाली. ते पत्र वाचून मी हसले आणि मग बराच वेळ हसू थांबेना. माझ्या रक्तातल्या विषाणूच्या गमती तुम्ही मला लिहून पाठवणार आणि मी त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासणार.

तुम्हाला वाटेल, गोळ्या चालू होत्या, बरं होतं, मग ही बुद्धी कुठून सुचली. गोळ्यांनी मी जगत होते, तक्रार नव्हती. पण तुमचं पत्र वाचून कुंपणापाशी उभी होते तेव्हा वाटलं, ज्याने दुखणं दिलं, त्याच्याच हातच्या झाडाने ते काढावं, असं कुठेतरी ठरलेलं असेल. नऊ वर्षं मी त्या माणसावर रागावून होते. मला त्याला माफ करायला काहीतरी कारण हवं होतं. रोज सकाळी पेलाभर प्यायचे आणि त्या दिवसापुरता राग जायचा. म्हणून इतके महिने मनाला बरं वाटत होतं.

तेरावी चूक माझीच. कळत नसेल तिथे समासात प्रश्नचिन्ह करून लेखकाला विचारायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी प्रश्न विचारला, पण पुस्तिकेच्या नावाने. खोट्या प्रश्नाला खरं उत्तर कसं मिळणार?

वचन मोडलं आहे. त्यांना काय वाटायचं ते वाटो.

वहिनी


२१ ऑक्टोबर

वहिनी,

चार दिवस कामावर गेले नाही. ह्यांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मग सगळं सांगितलं, तुला न विचारता. त्याबद्दल काय बोलायचं ते बोल.

दादाचा राग आला. नंतर कीव आली. पण सगळ्यात जास्त लाज वाटली, की माझा भाऊ माझ्या भीतीने दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरला आणि मी नऊ वर्षं त्याचं मरण तुझ्या पदरात टाकत राहिले. तू माझ्या 'विषाणू'वर खुणा करत होतीस आणि तो तुझ्या अंगात होता. मला झोप लागत नाही. माझ्या चेष्टेपायी तुझ्या गोळ्या गेल्या असतील तर मी काय करू, सांग ना.

सोबत एक कागद आहे. त्यावर मधोमध ते जिन्यातलं वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. 'तू वेळेवर नेलं असतंस तर तो वाचला असता.' मजकूर गाळायचा असला की तुम्ही लोक समासात काय लिहिता, ते तू मला लहानपणी शिकवलं होतंस, नवीन लग्न होऊन आलीस तेव्हा. तोच शब्द निघाला बघ. वाक्य खोडून समासात मी लिहिलंय: काढा.

खूण बरोबर आहे का, तेवढं कळव.

वन्सं


१२ नोव्हेंबर

वन्सं,

निकाल आला. विषाणू शहाणा झालाय. आठ वर्षं चाललेली गोळी आता माझ्या उपयोगाची नाही. नवीन गोळ्या सुरू झाल्या, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. पहिला आठवडा पोटात ढवळत होतं, आता कमी आहे. यांनी भागेल, असं डॉक्टर म्हणतात. याही गेल्या तर पुढे फारसं काही हाताशी नाही, हे नर्सने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण सांगितलं ते बरं केलं. मला भीती वाटते. आधी वाटायची त्यापेक्षा जास्त वाटते, आणि हे तुला सांगता येतंय, एवढा फरक आहे.

तुला 'तू' लिहिते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. नऊ वर्षं जिन्यातच उभं राहून 'तुम्ही' म्हणत होते. आता खाली उतरले.

तुझा कागद मिळाला. खूण बरोबर आहे. पद्धत चुकली. काढायच्या मजकुरावर एकच रेघ मारायची असते, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. तू शाईची दौत उपडी केली आहेस. राहू दे. या वेळी चालेल.

तुझ्या ह्यांना सांगितलंस ते ठीक. सगळं तू एकटीने कुठे ठेवणार होतीस?

गोळ्यांची बाटली शाईच्या डब्यातून काढून चहाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. येशील तेव्हा दिसेल. कडूबाईला काढलेलं नाही. तिचा काय दोष, तिला कुणी पी म्हटलं होतं का?

आणखी एक. नवीन गोळ्या देताना दवाखान्यात नवीन फॉर्म भरतात. त्यात एक रकाना आहे, 'आजाराची माहिती असलेली घरची व्यक्ती'. आठ वर्षं मी तिथे आडवी रेघ मारत आले. या वेळी तुझं नाव लिहिलं. पुढे 'नातं' असा रकाना होता. आधी 'बहीण' लिहिणार होते, वाचायला बरं दिसलं असतं. मग 'नणंद'च लिहिलं, शुद्ध.

नर्सने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "नणंद? नक्की ना?"

मी म्हटलं, "छापण्यास हरकत नाही."

तुझी वहिनी